यावलवालीच्या वाटचं ऊन

आमची यावलवाली भिंत खायची. यावलची लेक म्हणून घरात तिला तेच नाव. मी नवरा असून मीही तेच घ्यायचो. कणगीमागच्या भिंतीची पांढरी माती ती नखानं खरवडायची आणि गुळासारखी चघळायची. आई कावायची, "बठ्ठी भित खाई टाकशी का व?" ती म्हणायची, "सगळी संपली तर बाहेरचं दिसेल तरी."

हसून म्हणायची. आम्हीही हसायचो. तो खड्डा अजून आहे. मी लिंपू दिलेला नाही.

तेव्हा राज्य इंग्रजांचं, पण आमच्या घरात रिवाजाचं. सुनेनं उंबरा ओलांडायचा नाही. सात वर्षं ती आतच. मग कंबर दुखायला लागली, बदकासारखी झुलत चालू लागली, आणि त्यातच दिवस राहिले. पडदा लावलेल्या गाडीतून तिला धुळ्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी हाडं दाबून पाहिली. म्हणाल्या, "हाडांना चुना कमी पडतोय. तसं आतडं शहाणं असतं, भाऊ. खाण्यात चुना भरपूर असला तर बराचसा सोडून देतं, कमी असला तर आहे त्यातलाच जास्त ओढून घेतं. तुमच्या शेतातल्या बायांना कुठे दूध मिळतं? तरी भारे उचलतात. पण अंगाला ऊन नसेल तर आतड्याचं शहाणपण चालत नाही. रोज उन्हात बसवा हिला. नाहीतर बाळंतपणात अडेल."

मी मराठी चौथी शिकलेला. मला दूध समजलं. ऊनही समजलं होतं, खोटं कशाला बोलू? पण आई म्हणाली, "सून घरावरच्या धाब्यावर उन्हात बसवली तर गाव काय म्हणेल?" ऊन फुकट होतं. मी म्हैस विकत आणली.

यावलवाली दोन्ही वेळा पेलाभर दूध प्यायची आणि भिंत धरून चालायची. सकाळी म्हैस नदीवर निघाली की दाराआडून तिला सांगायची, "बाई, माझ्या वाटचंही ऊन घेऊन ये गं." मी ऐकायचो.

बाळंतपण दोन दिवस अडलं. गाडी जुंपेपर्यंत दोघंही गेली.

सवाष्ण म्हणून हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, भर दुपारी उचलली. तोंडावर पदर ओढ, असं त्या दिवशी तिला कोणी सांगितलं नाही. नदीपर्यंत सगळं ऊन तिच्या तोंडावर होतं, असं लोक सांगतात. मडकं धरून पुढे चालणाऱ्यानं मागे पाहायचं नसतं. तेही मी पाळलं.