दुसऱ्या पट्ट्यावरचं सहावं नाव

कुस्तीचा पट्टा हरवला, असं मी बापूंना सांगितलं होतं. तो हरवला नव्हता. माझ्या घरी लोखंडी कपाटाच्या तळाच्या कप्प्यात, जुन्या सतरंजीत गुंडाळलेला, सहा वर्षं पडून होता. हे आधीच सांगून टाकतो. बापूंबद्दल चार चांगले शब्द लिहायचे आणि ही गोष्ट मागे ठेवायची, तर ते पुन्हा लपवणंच झालं असतं. बापू गेल्या चैत्रात गेले.

त्यांची एक सवय ज्यांनी पाहिली असेल ते त्यांना विसरले नसतील. कुणाच्याही घरी पाण्याचा तांब्या पुढे आला की बापू आधी तो हातात फिरवून त्यावरचं नाव वाचायचे, मगच पाणी प्यायचे. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा आईला म्हणाले, "वहिनी, हा पिंपळगावच्या भावानं दिलेला दिसतोय. अक्षर माझं नाही, माझ्या वडिलांचं आहे." आईला तो तांब्या कुठून आला हेच आठवत नव्हतं. भांड्यांवर नावं घालणं हा बापूंचा धंदा. नाशिकच्या भांडी बाजारात एका दुकानाच्या पायरीशी त्यांची तीन फुटांची जागा होती. बसायला पाट, मांडीवर फडकं आणि हातात विजेवर थरथरणारी सुई. माझ्या लग्नातल्या भांड्यांवरची नावं त्यांच्याच हातची.

गिऱ्हाइकानं नाव कागदावर लिहून आणलेलं त्यांना चालत नसे. "कागद राहू द्या खिशात. तोंडानं सांगा," म्हणायचे. तीनदा वदवून घ्यायचे. एकदा एका घाईतल्या बाईंनी विचारलं, "बापू, ऐकायला कमी येतं का हो?" बापू म्हणाले, "येतं की नीट. पण नाव एकदा पडलं की निघत नाही. घासून काढायला गेलं तर भांडं पातळ होतं."

त्यांच्या पत्नी गेल्या आणि बापू बाजारामागच्या खोलीत एकटे राहू लागले. मूलबाळ नव्हतं. पुतण्यानं एक मोठा मोबाइल आणून दिला आणि तो पुण्याला निघून गेला. लग्नपत्रिकांवर 'आहेर आणू नये' छापायची पद्धत रुळली होती, त्यामुळे दुपारी काम नसे. तेव्हा बापू मोबाइल एका कळशीला टेकवायचे आणि जपानमधल्या कुस्त्या बघायचे. मातीतल्या नव्हेत. दोरखंडांच्या चौकोनात, तिकीट लावून होणाऱ्या. भाषा कळत नाही म्हणून आवाज बंद. शेजारी पत्नीचं नाव घातलेला पेला, त्यात पाणी. तालमीतला माझा व्यायाम सुटला होता, पण कुस्ती सुटली नव्हती. ओझरच्या कारखान्यातून लवकर सुटलो की मी त्यांच्याकडे जाऊन बसायचो.

"बापू, ही नुरा कुस्ती. कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं," मी एकदा डिवचलं.

मान वर न करता बापू म्हणाले, "लग्नही ठरवूनच होतं. पुढं निभावताना घाम खराच येतो ना?"

बापूंचं लक्ष मात्र तिथल्या सगळ्यात मोठ्या किताबाकडे नसायचं. कुस्त्या भरवणाऱ्या प्रत्येक कंपनीचा एक पहिला पट्टा असतो आणि त्याच्याखाली दुसरे. एक हलक्या वजनाच्या मल्लांचा, एक वजनाची अटच नसलेला, एखादा पंधरा मिनिटांत निकाल लावायचा. एका जुन्या डायरीत बापूंनी या दुय्यम पट्ट्यांच्या याद्या ठेवल्या होत्या. कुणी जिंकला, कितीदा राखला, कुणाकडे गेला. सगळी जपानी नावं त्यांच्या त्या गोल देवनागरीत. "पहिला पट्टा कंपनीचा असतो, शरद," ते मला समजवायचे. "तो बांधला की कुणीही मोठा दिसतो. दुसरा बांधणाऱ्याला तो मोठा करून दाखवावा लागतो." एका मल्लाची गोष्ट त्यांनी मला चार-पाच वेळा तरी सांगितली असेल. लोक चहाला उठतात त्या मधल्या वेळेत तो लढायचा. पण त्यानं आपला दुसरा पट्टा असा राखला, असा राखला, की पुढं एका मोठ्या कार्यक्रमात पहिल्या पट्ट्याची कुस्ती आधी लावली आणि त्याची सगळ्यात शेवटी. हे सांगताना बापूंच्या आवाजात घरच्या माणसाची बढती झाल्यासारखं काहीतरी यायचं.

आणखी एक गोष्ट त्यांना फार आवडायची. तिथला मल्ल जखमी झाला, पट्टा राखता येईना, तर तो चौकोनात येतो, सगळ्यांसमोर पट्टा दोन्ही हातांनी परत देतो आणि कमरेत वाकतो. "घरी ठेवत नाही," बापू म्हणायचे.

मी तेव्हा आमच्या तालमीच्या वार्षिक मैदानाचा सेक्रेटरी होतो. मैदानाची रीत ठरलेली. एक नंबरची कुस्ती बाहेरून बोलावलेल्या नावाजलेल्या मल्लांची, संध्याकाळी, पाहुण्यांच्या हस्ते. आपल्या जिल्ह्यातली पोरं उन्हात, रिकाम्या मैदानात लढून चारच्या आत मोकळी. बापू एकदा आमच्या बैठकीला आले आणि म्हणाले, "जिल्ह्याच्या पोरांसाठी एक दुसरा पट्टा काढा. मी करून देतो. जो जिंकेल त्यानं वर्षभर घरी न्यावा आणि पुढच्या वर्षी येऊन राखावा."

पितळी पत्रा त्यांनी स्वतः घडवला, कातडं ओळखीच्या चांभारानं शिवलं. पत्र्यावर बारा नावांची जागा आखली. आणि एक रीत घालून दिली. कुस्ती संपली की जिंकलेल्यानं बापूंसमोर मातीतच बसायचं, आपलं नाव आणि गाव तोंडानं सांगायचं; आणि बापू नाव कोरेपर्यंत पट्टा हलू नये म्हणून तो हरलेल्यानं धरायचा. जपानच्या एका कुस्तीत त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं, हरलेल्यानं आपल्या हातानं दुसऱ्याच्या कमरेला पट्टा बांधलेला. त्यावरून सुचलेलं हे.

पहिल्या वर्षी हरलेला ओझरचा गडी कुरकुरला. "हरलो मीच, आन पट्टाबी मीच धरू?"

"धर बाबा," बापू म्हणाले. "तू नसतास तर हा कुणाशी लढून जिंकला असता?"

त्यानं तोंड फिरवून का होईना, धरला. पुढच्या वर्षी त्याच पट्ट्यावर त्याचं नाव पडलं, आणि तेव्हा मात्र तो सुई थांबेपर्यंत पापणी न हलवता बघत होता.

चार वर्षांत त्या पट्ट्याला वजन आलं. ओझर, पिंपळगाव, देवळ्याहून टेम्पो भरून माणसं यायची. काही तर दुसऱ्या पट्ट्याची कुस्ती झाली की एक नंबरच्या कुस्तीला न थांबता उठायची. बापूंना याचा केवढा आनंद. व्यासपीठावरच्या मंडळींना नव्हता. मीही एव्हाना व्यासपीठावर बसू लागलो होतो. बापू मला आधी चारचौघांत, मग एकट्यातही 'सेक्रेटरीसाहेब' आणि 'तुम्ही' म्हणायचे. त्यात थट्टा किती आणि मान किती, हे मी कधी तपासलं नाही. मला ते आवडत होतं.

सहाव्या वर्षी देवळ्याचा सोपान जिंकला. अठ्ठावीस मिनिटं चाललेली कुस्ती. तो मातीनं माखलेला, धापा टाकत बापूंसमोर बसला. हरलेल्यानं पट्टा धरला. बापूंनी चष्मा चढवला. इतक्यात प्रमुख पाहुण्यांच्या माणसानं माझ्या कानात सांगितलं की साहेबांना पुढं जायचंय. मी माइक घेतला आणि म्हणालो, "नावाचं नंतर बघू. मैदान मोकळं करा. एक नंबरची कुस्ती लागतेय." सोपान उठला. बापू उठले नाहीत. कार्यकर्त्यांनी त्यांना हाताला धरून उठवलं आणि त्यांचा पाट बाजूला नेऊन ठेवला. पट्टा मी माझ्याकडे घेतला. सोपानला म्हणालो, "नाव घालून पाठवतो." तो म्हणाला, "चालंल ना भाऊ. पण मी सांगितल्याबिगर बापू घालायचे नाय."

आठवडाभरात बैठक झाली. नव्या देणगीदारांचं म्हणणं होतं, दोन दोन किताब कशाला, माणसं निघून जातात. दुसरा पट्टा बंद करण्याच्या बाजूनं हात वर करा म्हणाले, तेव्हा पहिला हात माझा वर गेला. हे बापूंना कसं सांगणार? ते पुढच्या बैठकीला आले असते आणि शांतपणे विचारलं असतं, कुणी ठरवलं? म्हणून मी त्यांच्या पायरीशी उभा राहून म्हणालो, "बापू, पट्टा हरवला. मैदानाच्या गडबडीत कुणी उचलला की काय कोण जाणे."

त्यांनी मांडीवरचं भांडं खाली ठेवलं. मग त्यांनी मला पाणी दिलं. "मनाला लावून घेऊ नका. माणसाच्या हातून वस्तू हरवतात." एका शब्दानं संशय नाही. सोपानचे दोन फोन आले, त्यालाही तेच सांगितलं. पुढं साथीमुळे दोन वर्षं मैदानच भरलं नाही. मग भरलं तेव्हा एकच किताब होता, आणि पट्टा हरवलेलाच असल्यामुळे कुणी काही विचारलं नाही.

मी बापूंकडे जाणं कमी केलं. एकदा गेलो तेव्हा ते डायरी मिटून बसले होते, जेवणाचा डबा न उघडता बाजूला. जपानमधल्या एका कंपनीनं आपला दुसरा पट्टा पहिल्यात मिळवून टाकला होता. "यादी बंद झाली," बापू म्हणाले. "आता त्यावर नाव पडणार नाही. ज्यांनी तो वाढवला त्यांना कुणी विचारलंही नसेल." मी समोर बसून 'अरेरे' म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो, हे आणखी वाईट.

मागच्या दिवाळीआधी घरातली मोडकी भांडी घेऊन मी भद्रकालीतल्या एका मोडवाल्याकडे गेलो. त्यानं एक पितळी डबा उलटासुलटा करून बाजूला ठेवला. मी विचारलं, हा तोलत का नाही? तो म्हणाला, "नाव आहे ना त्याच्यावर. भांडी बाजारातले एक बाबा दर शनिवारी येतात. नाव असलेलं पितळ त्यांना दाखवल्याशिवाय वितळवायला द्यायचं नाही, असं सांगून ठेवलंय. कुस्तीचा कुठला तरी पट्टा शोधतात. सगळ्या मोडवाल्यांकडे फिरतात."

"किती दिवस झाले?"

"दिवस काय विचारता? चार-पाच वर्षं तर मीच बघतोय. आता पाय ओढत येतात."

भांडी तिथेच टाकून मी घरी आलो. कपाटातून पट्टा काढला. पितळ काळं पडलं होतं, पण पाचही नावं वाचता येत होती. पुसावा असं वाटलं, पण पुसायला हात धजावला नाही. तसाच घेऊन बाजारात गेलो.

दुपार होती. बापू पाटावर, मोबाइल कळशीला टेकलेला, त्यात कुणीतरी निःशब्द आपटत होतं. मी सतरंजी उलगडली. बापूंनी पट्टा मांडीवर घेतला आणि आधी नावांवरून बोट फिरवलं. एक, दोन, तीन, चार, पाच. मग सहाव्या रिकाम्या जागेवर बोट थांबलं.

"सापडला," ते म्हणाले. "मला वाटलंच होतं, असा कुठं जाईल. कुठं मिळाला?"

आणखी एक खोटं जिभेवर तयार होतं. एवढी वर्षं झाली तरी ते लगेच येतं. बापूंनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्यांनी मोबाइलवरची कुस्ती बंद केली, डायरीतून नंबर शोधला आणि माझ्याकडून सोपानला फोन लावून घेतला. आवाज मोठा करायला सांगितला.

"सोपान, मी बापू. भांडी बाजारातला. पट्टा सापडला. नाव सांग."

पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज होता, तो बंद झाला. "बापू? आवं, लय वर्सं झाली. आता पोट सुटलंय माझं."

"पोटाचं नाव नाही घालायचं. तुझं सांग. तीनदा."

"सोपान नामदेव निकम. मुक्काम देवळा." दुसऱ्यांदा सांगताना त्याचा आवाज जरा चढला. तिसऱ्यांदा खाली आला.

बापूंनी सुई चालू केली. पट्टा मांडीवरून घसरत होता. त्यांनी मान वर केली आणि कितीतरी वर्षांनी मला नावानं हाक मारली. "शरद, इथं हरलेला कुणी नाही. तूच धर."

मी पायरीवर गुडघे टेकले आणि पट्टा दोन्ही हातांनी धरला. सुईची थरथर पितळातून माझ्या बोटांत येत होती. 'सोपान' झालं. 'नामदेव' झालं.

"बापू, पट्टा हरवला नव्हता," मी म्हणालो. "माझ्याकडेच होता."

सुई थांबली. बाजारातून कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं. बापूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. फोन चालूच होता, सोपान ऐकत होता.

"हलू नकोस," बापू म्हणाले. "अजून गाव राहिलंय."

त्यांनी 'निकम' कोरलं. खाली 'देवळा' कोरलं. 'ळ'ची गाठ नेहमीसारखी गोल नाही आली. मग सुई बंद करून त्यांनी पत्रा फडक्यानं पुसला आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मी पट्टा सोडला नव्हता. तसाच धरून, मान खाली घालून म्हणालो, "तुम्ही शनिवारी शनिवारी मोडवाल्यांकडे फिरत होतात आणि पट्टा माझ्या कपाटात होता. बंद करायला पहिला हात मीच वर केला होता. सोपानला मातीतून मीच उठवलं. बापू, मी चुकलो. मला माफ करा. सोपान, तूही."