परसात ठेवलेला चेहरा

ओलं लाकूड उन्हात वाळताना जो खारट, कुबट वास येतो, तो आला की मला काकाच्या घरची ती दुपार आठवते. खाडीच्या तोंडाशी त्याच्या जाळ्यात जुन्या गलबताचं लाकूड आलं होतं आणि त्यावर मिटल्या ओठांचा एक चेहरा कोरलेला होता. काकीने तो गोड्या पाण्याने धुतला, क्रुसापुढे धरला आणि परसात उन्हात ठेवला, कारण आमच्याकडे होडीलाही आधी ऊन देतात, मग तेल पाजतात. मोबाइलवरचा फोटो गावभर फिरला आणि दोन-चार दिवसांत जुन्या वस्तू जमवणारा मुंबईचा एक शेठ आणि पुरातत्त्व खात्याच्या एक बाई असे दोघे एकाच वेळी ओटीवर येऊन बसले. "माझ्याकडे काचेच्या कपाटात जपून राहील," शेठ म्हणाला. "तुमच्या कपाटात ती फक्त शोभेची वस्तू होईल. बुडालेल्या गलबताचा माग त्यावरूनच लागेल, आणि ते कुणा एकाचं नाही," बाई कडाडल्या. बराच वेळ भांडून झाल्यावर दोघांनी विचारलं, "पण ते आहे कुठे?" आम्ही परसात गेलो. काकी तेलाची वाटी घेऊन उभी होती. चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत उकलला होता. बाई वाकून भेगेवरून बोट फिरवत म्हणाल्या, "पाण्यानेच धरून ठेवलं होतं हो त्या लाकडाला. ओलंच ठेवायचं होतं." काकी एवढंच म्हणाली, "मंग आल्या आल्या सांगाचं ना." काल काकाबरोबर त्याच खाडीच्या तोंडाशी होडीवर होतो. जाळं अचानक जड झालं. काकाने माझ्याकडे पाहिलंही नाही. सुरी काढली आणि नवंकोरं जाळं कापून पाण्यात सोडून दिलं.