शेवटचे स्टेशन नसलेली गाडी

ती चौकशी आजही आठवते, कारण तिच्या अहवालात मी लिहिलेला शेरा चुकीचा होता.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षे. पनवेलला तेव्हा रेल्वे नव्हती. मी तिथल्या पोलीस ठाण्यात फौजदार होतो. मुंबईच्या एका जहाज कंपनीने कळवले की, पनवेलच्या मोहल्ल्यातला एक खलाशी लंडनला जहाज सुटताना हजर नव्हता. तो मुद्दाम मागे राहिला काय, याची चौकशी व्हावी. त्याची नल्ली, म्हणजे खलाशाचा परवाना, त्यावर अवलंबून होती.

खबऱ्याने सांगितले, ‘विलायतेत राहिलो तर नशीब उघडेल,’ असे तो जाण्यापूर्वी चहाच्या दुकानात बोलला होता. मला तेवढे पुरले.

कंपनीने त्याला दुसऱ्या जहाजाने परत धाडले होते. जबाबात त्याचे एकच म्हणणे. जमिनीखालच्या रेल्वेत सोबत्यांपासून चुकामूक झाली. गाडीचे दार बंद होताना ते आतून ओरडले, मागच्या गाडीने ये, शेवटच्या स्टेशनावर उतर. मागची गाडी आली, तो बसला. एकाच फलाटावर निरनिराळ्या ठिकाणी जाणाऱ्या गाड्या येतात, हे त्याला ठाऊक नव्हते. पाट्या वाचता येत नव्हत्या.

“मग शेवटच्या स्टेशनावर का उतरला नाहीस?”

“ते आलंच नाय, साहेब. गाडी फिरून फिरून तिथंच. खुदाची कसम.”

हवालदार म्हणाला, “साहेब, घाण्याला जुंपली असेल.” आम्ही हसलो. मी मुंबईची ट्राम पाहिली होती. तिलाही शेवटचा थांबा असतो. त्याचे खोटे सापडले असे समजून मी शेरा लिहिला : जबाब अविश्वसनीय.

नल्ली गेली. पुढे तो उरणच्या वाटेवरच्या मिठागरात टोपल्या वाहताना दिसे. मला सलाम करी.

निवृत्तीनंतर मुलाकडे लंडनला गेलो. भुयारी रेल्वेच्या नकाशात एक वर्तुळ दिसले. मुलगा म्हणाला, “बाबा, ही गाडी गोलच फिरते. हिला शेवटचं स्टेशन नाही.”

परतल्यावर मोहल्ल्यात गेलो. तो वारला होता. त्याच्या बायकोला सगळे सांगितले.

“मरेपर्यंत तेच सांगत व्हते,” ती म्हणाली. “पोलिसांनी लिवलं ते खरं, म्हणून मी पन कधी मानलं नाय.”

खोटे बोलणारा ऐकणाऱ्याला पटेल असेच सांगतो, हे मी नोकरीत शिकलो होतो. त्याचे सांगणे कोणालाच पटण्याजोगे नव्हते. तिथेच मी थांबून विचार करायला हवा होता. तो खरे बोलत होता. माझा शेरा मी मागे घेतो.