चेअरमन विमानात बसतात

माझ्या मुलीने आयुष्यात मला एकदाच दम दिला, आणि त्या वेळी जमीन आमच्या दोन हजार फूट खाली होती.

युसूफ वडगावात मी दूध संस्थेचा चेअरमन. त्या साली पाऊस फिरकलाच नव्हता. जनावरं चारा छावणीत, दूध आटलेलं. संस्थेत आटल्या नव्हत्या त्या फक्त मीटिंगा! अशात आमच्या शुभीला छोटं विमान चालवायचं लायसन मिळालं. (घरची म्हैस जिला कधी दाव्याला बांधता आली नाही, तिला सरकारने आभाळ दिलं!)

"अण्णा, पहिले पॅसेंजर तुमीच," ती म्हणाली. मी ते त्याच दिवशी गावभर सांगितलं. मग माघार कुठून घेणार?

शेजारच्या जिल्ह्यातल्या धावपट्टीवर शुभी, तिची आई आणि मी असे तिघं पोचलो आणि मला पहिला धक्का बसला. आमची दुधाची जीप त्या विमानापेक्षा मोठी होती!

"बाकीचं कुठंय?" मी विचारलं.

"एवढंच हाय, अण्णा."

शुभी विमानाभोवती फिरून एकेक भाग हाताने हलवून बघू लागली. पंखावर चढून टाकीत काडी घालून तेल मोजलं.

"अगं, कालच उडवलंस की! पुन्ना कावून बघती?" हिने विचारलं.

"कालचं काल, आई. आज उडायचं तर आज बघायचं."

मग मला आत बसवून तिने पट्टा आवळला, दार लावलं, ओढून बघितलं. "अण्णा, नीट ऐका. कशालाच हात लावायचा न्हाई. आन् वर पोचेपर्यंत बोलायचं न्हाई."

मी मान हलवली. चेअरमन असल्यामुळे न ऐकता मान हलवायची मला सवयच! ती हातातल्या कार्डावरून मोठ्याने एकेक वाचून एकेक बटण तपासत होती. माझ्या तोंडात पान भरलेलं. विमानात थुंकणं बरं दिसत नाही, एवढी अक्कल मला आहे. म्हणून मी हळूच दार उघडलं, बाहेर पिंक टाकली आणि दार पुन्हा लावून घेतलं. उड्डाणाच्या आधी शुभीने हात लांब करून ते परत तपासलं. घट्ट होतं.

विमान पळालं, उचललं गेलं. माझ्या मानेला मागून जोराची ओढ लागत होती. वर जाताना सगळ्यांनाच अशी लागत असेल, असं समजून मी गप्प बसलो. आणि एवढ्यात...

धाड! धाड! धाड! धाड!

कोणीतरी बाहेरून पत्र्यावर हातोडा मारत होतं! आकाशात!

"शुभे, मोडलं! इमान मोडलं!" मी किंचाळलो आणि समोर हाताला जे लागलं ते दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवलं. ते नेमकं विमानाचं हँडल निघालं. त्याबरोबर माझं पोट वर आलं आणि बाकीचा मी खाली गेलो.

"हात काढा!"

ही माझी पोर? जिने कधी "अण्णा, चहा थंड झाला" यापलीकडे आवाज चढवला नव्हता? मी दोन्ही हात वर केले. पोलिसांनी पकडल्यासारखे.

पोट जागेवर आलं. शुभी शांतपणे पुटपुटत होती, "इंजिन बरोबर... ऑइल बरोबर... उंची बरोबर..."

"बरोबर काय म्हंतीस बे! ऐकू येत न्हाई का?" (पोटच्या पोरीला मी 'बे' म्हणालो. यावरून काय ते ओळखा!)

"आधी इमान सरळ ठिवायचं अण्णा, मग आवाजाचं बघायचं." मग थोड्या वेळाने, "तुमच्या बाजूनं येतोय. तुमचं उपरणं कुठंय?"

मी गळा चाचपला. उपरणं अर्धंच होतं! बाकीचं पिंक टाकताना दाराबाहेर गेलं ते तिथंच राहिलेलं. आणि त्याच्या टोकाला गाठ मारून बांधलेला माझा पितळी अडकित्ता विमान बडवत होता.

"थांब, दार उघडून वढून घेतो!"

"दाराला हात लावला ना अण्णा," ती एकेक शब्द तोडत म्हणाली, "तर आईची शपथ!"

मी हात परत वर केले. माघारी वळून तिने विमान इतकं अलगद टेकवलं, की उतरल्याचं मला अडकित्ता थांबल्यावर कळलं.

ही धावत आली. "काय गं, इंजिन बिघडलं व्हय?"

"इंजिन चांगलं हाय. अण्णा बिघडलेत," शुभी म्हणाली आणि पत्र्यावरचे पोचे बघत बसली. दोघींनी धरून मला जीपमध्ये घातलं.

पुढच्या आठवड्यात संस्थेची सभा होती. विषय निघण्याआधीच एक म्हातारे सभासद उठले. "चेअरमन, तुमी वर गेलते म्हणं. वरून आपला मुलूख कसा दिसतो वो?"

मी खोल श्वास घेतला. "काय सांगू, मंडळी! सगळीकडं अंधार."

कोणी डोळे पुसले. "दुष्काळच तसा पडलाय," म्हातारे म्हणाले, आणि चेअरमनला जनतेची किती तळमळ, म्हणून टाळ्याही पडल्या.

मी खोटं बोललो नव्हतो. विमानाने जमीन सोडल्यापासून परत टेकेपर्यंत डोळे गच्च मिटून बसलेल्या माणसाला दुसरं दिसणार तरी काय?