सुई शून्यावर

फिल्म उजेडासमोर धरली की तो आधी जीभ टाळ्याला लावून 'च्' करायचा. मग म्हणायचा, "वरून झकास हाय. आत बुडबुडा."

महाडबाहेर रसायनांच्या कारखान्याचं बांधकाम चालू होतं. मी वेल्डिंगवर सुपरवायझर. तो पाइपांच्या सांध्यांचे गॅमा किरणांनी फोटो काढणारा. लोखंडाच्या आतली भेग त्यात दिसते. किरणांचा तुकडा शिशाच्या पेटीत असे. ती उघडण्याआधी तो भोवती दोरी बांधून ओरडायचा, "पळा रे! पोरंबाळं व्हायचीत अजून!" वेल्डर हसत पळायचे.

स्वतःच्या कामाचं रोज नवल वाटणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हा त्यातला.

पोलादपूरजवळच्या बौद्धवाडीतून तो एसटीने यायचा. त्याची मुलगी शाळेत जायच्या वयाची झाली, तेव्हा त्याला महाडात खोली हवी होती. आमची मागची खोली रिकामी आहे, हे मीच बोलता बोलता सांगून बसलो होतो. त्याने विचारलं. आई घरी म्हणाली, "गल्लीत राहायचंय आपल्याला." मी त्याला सांगितलं, "लोक तुझ्या किरणांना घाबरतात रे."

त्याला ते खरं वाटलं. "एवढंच ना?"

रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून, किरण मोजायचं मीटर घेऊन आला. गल्ली जमली. त्याने मीटर छातीला, हातांना, डोक्याला लावलं. "सुई हलते का बघा. पेटी बंद, किरण बंद. टॉर्च विझवल्यावर उजेड खिशात राहतो काय?"

शेजारचे काका चष्मा लावून वाकले. "बरोबर. शून्य." आणि घरात गेले. मागोमाग बाकीचेही.

"मावशी, सामान कधी आणू?" त्याने आईला विचारलं. आई माझ्याकडे बघू लागली.

मी म्हणालो, "खोलीची जरा डागडुजी काढलीय."

त्याने मीटर बंद केलं. "किरणांचं नाव कशाला घेतलंत, भाऊ? मी खुळा, मशीन घेऊन आलो."

पुढे तो कामापुरतंच बोलला. फिल्म माझ्या हातात न देता टेबलावर ठेवायचा. काम संपलं, तो दुसरीकडे गेला. मुलगी कुठे शिकली, हे विचारायचं तोंड मला नव्हतं.

खोली आम्ही आंबेनळी घाटात सुरुंग लावणाऱ्या मुकादमाला दिली. सुरुंगाच्या कांड्यांचं खोकं तो खाटेखाली ठेवायचा. गल्लीला ठाऊक होतं. "जपून हं," काका हसून म्हणाले, तेवढंच. आई त्याला रोज सकाळी चहा पाठवायची. तो नेऊन मी द्यायचो.