इरलं घातलेला उन्हाळा

अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय गावाची जमीन खऱ्या अर्थानं पाहिलेला माणूस एकच, आणि तो म्हणजे आमचे खाली बघणारे काका. बाकीची माणसं बाहेर गाडीतून फिरतात आणि घरात कार्पेटवरून, त्यामुळे जमिनीशी त्यांचा संबंधच येत नाही. काका मात्र कुणाच्याही घरी गेले की आधी फरशी बघायचे, यजमानाचा चेहरा नंतर. "माणसाचं घर खालून ओळखावं," असं त्यांचं म्हणणं. खोलीच्या मधोमध ते कधी चालत नसत. मांजरासारखे भिंतीच्या कडेकडेनं जायचे, कारण मध्ये चित्र असण्याचा संभव असतो. एकदा एका घरी गणपतीची आरती चालू असताना काका कोपऱ्यात ओणवे झालेले दिसले. चक्कर आली असं वाटून दोघं जण धावले. तर काकांनी कार्पेटचा कोपरा उचललेला आणि डोळ्यांत पाणी. "अहो, खाली लाकडी जमीन आहे, अस्सल ओक! जिवंत पुरलाय यांनी!" आरतीनंतर घरच्या बाईंनी त्यांच्या हातावर मोदक ठेवला आणि विचारलं, "काका, बाप्पाकडे बघितलंत का तरी?" काका म्हणाले, "बघितलं ना, छान आहे. पण चौरंगाखाली पाणी मुरतंय."

काका अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. त्यांच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता आणि तो शनिवारी, म्हणजे त्यांच्या विसाव्याच्या वारी, बंद असे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. मी इथं मुलाकडे राहायला आले, आणि माझं माहेर रेवदंड्याजवळचं आहे हे कळताच काकांनी भर किराणा दुकानात जाहीर केलं, "म्हणजे तुमच्या आजीच्या डोक्याला आमच्या घाण्याचं तेल! झालं, आपण नातेवाईक!" मोटारीच्या कंपनीत त्यांनी इंजिनियर म्हणून जन्म काढला, पण जीव सगळा दीड हजार वर्षांपूर्वीच्या फरशांवर. त्यांच्या लोकांच्या प्रार्थनेच्या जागेला सिनेगॉग म्हणतात. काकांच्या लहानपणी अलिबागला तिलाच मशीद म्हणायचे. तर इस्राएलात शेतात पाण्याचा पाट खणताना एका जुन्या सिनेगॉगची जमीन सापडली. बारीक रंगीत दगडी तुकडे बसवून केलेलं चित्र होतं. मध्ये चार घोड्यांच्या रथात सूर्य, भोवती बारा राशी, आणि चार कोपऱ्यांत चार ऋतूंच्या चार बाया.

मी विचारलं, "काका, तुमच्यात तर मूर्ती चालत नाही ना?"

"तेच तर!" काका टाळी वाजवून म्हणाले. "आज कुणी असला सूर्य काढला तर आमची मंडळी मीटिंग बोलावतील. आणि ते लोक त्याच्यावर उभे राहून यरुशलेमकडे तोंड करून प्रार्थना करायचे! सूर्य तिथं कशाला, यावर विद्वान अजून भांडताहेत. मला विचाराल तर छान दिसतो म्हणून."

ती फरशी बघायला ते एकदाच गेले होते, बायकोला घेऊन. तिथल्या कठड्याला तीन तास चिकटून उभे राहिले. बायको बाहेर बसून संत्री खात होती. शेवटी रखवालदारानं दिवा घालवला तेव्हा बाहेर आले आणि बायकोला म्हणाले, "घरी एक करू या." ती म्हणाली, "आधी स्वयंपाकघराचा नळ करा." नळ झाला की नाही ठाऊक नाही. पुढे बायको वारली आणि काकांनी तळघरात फरशी सुरू केली.

त्या फरशीसाठी काका दगड कुठून आणतील सांगता यायचं नाही. कुणाचं बाथरूम तोडलं जातंय असं कानावर आलं की हे बादली घेऊन दारात हजर. लोक समाचाराला येतात तसा चेहरा करून विचारायचे, "जुन्या टाइल्सचं काय ठरवलंत?" जेवायला बोलावलं तर दोन्ही खिसे खुळखुळत यायचे. माझ्या सुनेनं एकदा त्यांचा कोट उचलला आणि तिची मान लचकली.

माझी ओळख पक्की झाली ती दिवाळीत. दाराबाहेर मी रांगोळी काढली होती. काकांनी रस्त्यात गाडी थांबवली, उतरले, उकिडवे बसले आणि रेघांवरून हवेतच बोट फिरवत राहिले. मी दाराआड उभी. मला कुणी बघत असलं की हात चालत नाही. मग ते म्हणाले, "ताई, माझे हात आता थरथरतात. मुलगी टेक्सासला बोलावते आहे. बर्फ पडायच्या आत घर विकायचं म्हणते. माझ्या फरशीचे चारही कोपरे राहिलेत." मी काही कुणाकडे आपण होऊन जाणारी नव्हे. पण दुसऱ्या दिवशी मुलाला म्हटलं, मला काकांकडे सोड.

तिथून रोज दुपारी आमची भांडणं. काका बाहेरच्या काठापासून आत यायचे आणि मला मधल्या ठिपक्याशिवाय सुरुवात करता येत नाही. "असं कधी झालेलं नाही हो ताई, दीड हजार वर्षांत झालेलं नाही!" "मग माझ्या हातून होणारही नाही, मी जाते." "बसा, बसा. चहा घ्या." शेवटी प्रत्येक कोपऱ्यात त्यांनी काठ आखायचा आणि मी मधून बाहेर यायचं, असं ठरलं. दोघांची गाठ पडायची तिथे एक वेडीवाकडी रेघ राहायची. तिला काका सरहद्द म्हणत. कोपऱ्यातल्या बाया त्यांनी माझ्यावर सोपवल्या. फक्त म्हणाले, "त्या त्या ऋतूचं काहीतरी त्यांच्याजवळ असू दे." वसंताच्या हातात मी फुलं दिली. पानगळीच्या ओंजळीत लाल पानं, ती इथं येऊनच बघितली होती. थंडीच्या बाईला घट्ट शाल दिली. आणि कर्क-सिंह राशींजवळच्या उन्हाळ्याच्या बाईला काय द्यावं याचा मला विचारही करावा लागला नाही. शेतावर माझी आई जे घालायची ते घातलं. काकांनी दोन आठवडे जाता-येता कौतुक केलं. म्हणाले, "वा! अगदी ऋतू उभा केलात."

मग त्यांची मुलगी आली, घर विकायच्या कामाला. गुणी मुलगी. पण तळघराचा जिना उतरली आणि कपाळाला हात लावला. "पपा, यू आर इम्पॉसिबल! हे बघून कोण घर घेणार? लोक सगळं तोडून काढतील." काकांनी हातातले तुकडे एकेक करून बादलीत परत टाकले. मुलीलाही ते बघवलं नसावं. ती फरशीभोवती हिंडून एकेक चित्र नीट बघायला लागली आणि एका कोपऱ्याशी थांबली. "मावशी, ही समर आहे ना? मग हिनं रेनकोट का घातलाय?"

आम्ही दोघांनी बघितलं. जुलै-ऑगस्टच्या राशींशेजारी, भर उन्हाळ्याच्या जागी, डोक्यापासून कमरेपर्यंत पावसातलं पानांचं इरलं घेतलेली बाई उभी होती. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. इतक्या मेहनतीनं केलेलं काम, आणि जेमतेम दिवस उरलेले. मी पक्कड घेऊन तुकडे उचकटायला बसले, तर काकांनी माझ्या हातावर हात ठेवला. हसून हसून ते तिथेच जमिनीवर बसले होते. "आषाढात दुसरं काय घालणार हो! मी दोन आठवडे रोज बघतोय, मला कुठं खटकलं? साठ वर्षं अमेरिकेत काढून माझाही जुलै अलिबागचाच!" मग डोळे पुसून त्यांनी सांगितलं की ती पाटात सापडलेली फरशी एका बापलेकांनी केली. खाली झोकात आपली नावं लिहिली आणि ऋतू भलत्याच राशींपाशी बसवले. "आपण त्यांच्याच घराण्यातले ठरलो, ताई. याला हात लावायचा नाही."

नावांवरून पुन्हा वाद झाला. त्या जुन्या फरशांवर ज्यांनी मदत केली त्यांची चांगली आठवण राहो, असं लिहायची रीत होती. काकांना माझं नाव घालायचं होतं. मी म्हटलं, नावबीव नको, लोक वाचतील. त्यावर ते जरा थांबून म्हणाले, अशीही एक फरशी आहे, जिथं नावं लिहिलीच नाहीत, देवाला ती ठाऊक आहेत एवढंच लिहिलं. आणि उंबऱ्याजवळ त्यांनी स्वतःच्या हातानं मराठीत बसवलं : "हिचं नाव त्याला माहीत आहे. चांगली आठवण राहो."

फरशी पुरी झाली त्या दिवशी काकांनी मलिदा केला. पोहे, गूळ, ओला नारळ, वेलची आणि वर फळं. त्यांच्यात शुभकार्याला एलियाहू नबीच्या, म्हणजे त्यांच्या एका प्रेषिताच्या, नावानं करतात. आम्ही तिघं जिन्यावर बसून खात होतो, आणि तेवढ्यात मुलीचा फोन वाजला. घर घेणाऱ्यांचा होता. ती बोलून आली आणि हळूच म्हणाली, "पपा, ते तोडणार नाहीत. पण मुलांना खेळायला म्हणून वरून कार्पेट टाकणार आहेत. सॉरी."

मी काकांकडे बघायचं टाळलं. पण काका ताटली हातात घेऊन ताडकन उठले. "सॉरी काय? उत्तम! अगं, मातीखाली गेल्या म्हणून तर त्या जुन्या फरशा वाचल्या! उघड्यावरच्या सगळ्या गेल्या. जाड टाका म्हणावं, चांगलं जाड!" आणि आयुष्यात पहिल्यांदा काका कुठल्या तरी खोलीच्या मधोमध चालत गेले, थेट सूर्यापर्यंत, आणि तिथे उभं राहून उरलेला मलिदा संपवला.

आता ते टेक्सासला असतात. शनिवारी सूर्य मावळला की त्यांचा फोन येतो. त्या घरावरून मी फिरायला जाते, तळघराच्या बुटक्या खिडकीतून मुलांचा दंगा ऐकू येतो, ते सगळं त्यांना सांगते. ऐकून म्हणतात, "नाचू दे, नाचू दे. खालचं पक्कं आहे." परवा मात्र बोलता बोलता अडखळले. एकेक तुकडा कुणाच्या बाथरूममधला हे सांगणारा माणूस. म्हणाले, "ताई, आपल्या त्या उन्हाळ्याच्या बाईचं इरलं कुठल्या रंगाचं हो?"

मी म्हटलं, "तपकिरी, काका. काठाला थोडं हिरवं."

काकांनी तो रंग स्वतःशी पुटपुटून बघितला. मग म्हणाले, "हिरवं. बरोबर. तुमच्या लक्षात आहे ना? मग झालं."