कुर्ल्याचं कुमसार

वाकोल्याच्या जुन्या गावठाणात ल्युसीबायला मान होता. नवरा हेन्री बोटीवर, वर्षातून एकदा घरी येणारा. घरात कशाची वाण नव्हती. मे महिन्यात क्रुसापुढे संध्याकाळची प्रार्थना तीच सांगायची, आणि देवळातल्या दानपेटीची किल्लीही तिच्याचकडे असायची. त्या पेटीतल्या पैशाला तिनं कधी हात लावला नाही.

तिचा हात जायचा तो दुसरीकडे. शेजारणीकडे चहाला बसलं, की कधीतरी एखाद्या वस्तूवर तिची नजर अडकायची. चमचा, शिवणकामाचं अंगुस्तान, बाळाचा एकच मोजा. मग कान तापायचे, छाती आवळून यायची, समोरची काय बोलतेय ते ऐकू येत नसे. वस्तू झग्याच्या खिशात पडली, की ताप उतरावा तसं अंग गार व्हायचं. घरी आल्यावर ती त्या वस्तूकडे पाहायचीसुद्धा नाही. लग्नातल्या लुगड्याखाली, ट्रंकेत टाकून मोकळी व्हायची.

मागाहून लाज खायला उठे. मग येत्या शनिवारी ती कलिन्यावरून चालत कुर्ला गाठायची. कुमसार करायला, म्हणजे जाळीआडच्या पाद्रीला पापं सांगायला, गावचं देऊळ होतंच. पण गावचे फादर तिचा आवाज ओळखत. कुर्ल्याचे म्हातारे फादर विचारत, "वस्तू परत केलीस, बाई?"

"करते, फादर."

ते क्षमेचे शब्द म्हणत, आणि ल्युसी पिसासारखी हलकी होऊन परतायची. झालं ते मिटलं, असं तिला अगदी मनापासून वाटायचं. महिना-दीड महिना बरा जायचा. मग पुन्हा कान तापायचे. सहा वर्षं हे असं चाललं होतं.

सदुसष्टच्या मेमध्ये शेजारच्या व्हायोलेटच्या मुलीचं लग्न ठरलं. मसाला कुटायला रुक्मिणी आली. मालवणकडची बाई, नवऱ्याची गिरणी सुटलेली. उन्हाळ्याचे दोन महिने तिच्या मुसळावरच घर चालायचं. मिरच्या भाजताना डोक्याला फडकं बांधायचं, म्हणून व्हायोलेटनं अंबाड्यातलं सोन्याचं फूल काढून खिडकीत ठेवलं. मदतीला आलेल्या शेजारणींत ल्युसीही होती. भाजणं आटोपून व्हायोलेट पाहते, तर फूल नाही.

संशय कोणावर जायचा ते ठरलेलंच होतं. व्हायोलेटचा नवरा हर्बर्ट रुक्मिणीवर कडाडला, "सोमवारपर्यंत फूल आण, नायतर चौकीवर चल!" दोन दिवसांत आणखी अकरा घरांनी तिला निरोप धाडले, येऊ नको म्हणून.

शनिवारी ल्युसी कुर्ल्याला गेली. फुलाचं सांगितलं. रुक्मिणीचं सांगितलं नाही. क्षमा मिळाली.

परतताना व्हायोलेटच्या फाटकाशी, उन्हात, रुक्मिणी बसलेली दिसली. आल्यागेल्याला एकच सांगत होती, "मी घेवक नाय." ल्युसीला पाहून ती धडपडत उठली. "बाये, तू तरी सांग गो त्यांका. तुझा ऐकतले."

आणि ल्युसीच्या ध्यानात आलं, की आपल्याला अजूनही हलकंच वाटतंय. या बाईसमोर उभं राहूनसुद्धा! चोरीइतकीच आपल्याला या हलकेपणाचीही चटक लागलीय, हे तिला त्या उन्हात पहिल्यांदा कळलं.

घरी जाऊन ती फूल घेऊन आली आणि ते तिनं व्हायोलेटच्या ओट्यावर ठेवलं. "मी घेतलेलं. हिनं नाय."

व्हायोलेटनं कपाळाला हात लावला. "ल्युसी, तुझं मन मऊ आहे गं, ठाऊक आहे आम्हाला. पण चोराला असं पाठीशी घालू नको."

"हिनंच गुपचूप तुझ्याकडे दिलं असणार," हर्बर्ट हसला. "अगं, देवळातल्या पेटीची किल्ली तुझ्याकडे! तू चोर, तर मग आम्ही कोण, दरोडेखोर?"

"माझ्या घरी चला," ल्युसी म्हणाली. "सगळे चला."

तिनं ट्रंक उघडली, लुगडं बाजूला केलं. व्हायोलेटनं आपला चमचा ओळखला. पलीकडच्या डोरोथीनं चष्म्याचं घर उचललं. "यावरून मी सुनेला नको नको ते बोलले," ती म्हणाली. "सहा महिने झाले, माहेरून आली नाय ती..."

रुक्मिणी दारातच उभी होती. "माझ्या घरात तांदूळ नाय, तरी मी कशाक हात लावूक नाय. तुझ्या घरात सगळा आसा. मगे कित्याक गो?"

ल्युसीनं ट्रंकेकडे पाहिलं. "खरं सांगू? मला ठाऊक नाय."

"तुका ठाऊक नाय. आणि गाव म्हणता, मी चोर."

दुसऱ्या दिवशी ल्युसी रुक्मिणीला घेऊन निघाली. अकरा घरं. प्रत्येक दारात तेच वाक्य: "फूल मी चोरलं होतं. हिच्यावर आळ घेऊ नका." आठव्या दारापर्यंत तिचा घसा बसला. दर वेळी कान तापत, आणि या खेपेला ते गार होत नव्हते. रुक्मिणी एका शब्दानं तिच्याशी बोलली नाही. शब्द चुकला तर दुरुस्त करायला असावी, तशी फक्त शेजारी उभी राहून प्रत्येक शब्द ऐकत होती.

शेवटच्या घरातल्या बाईनं सगळं ऐकून घेतलं. मग रुक्मिणीला म्हणाली, "मंगळवारी सकाळी ये. दहा किलो मिरची आहे." आणि ल्युसीकडे न बघता टेबलावरचे चमचे गोळा करून ती आत ठेवून आली.